वळणाऱ्याने थांबायचं

डोळे मिटू नका हं. गोष्ट ऐकताना मुलं डोळे मिटून घेतात. पण आज उघडेच ठेवा, कारण आपण रस्त्यावर आहोत.

समजा, तुमचं नाव रिया. तुम्ही चौथीत आहात. दिवाळी नुकतीच संपली आहे, गवतावर दव आहे, आणि कोकणात, आचऱ्याच्या एका अरुंद डांबरी रस्त्यावरून तुम्ही नवी सायकल चालवत शाळेला निघालाय. पुढे स्कूटरवर तुमची आत्या, अपेक्षा. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे बुटक्या दगडी भिंती. डाव्या हाताला एका घराचं निळं गेट आहे. त्या गेटपुढून तुम्हाला सरळ जायचंय, बस इतकंच.

समोरून नारळांनी भरलेला एक छोटा टेंपो येतोय. येऊ दे. तो त्याच्या बाजूने जाईल, आपण आपल्या बाजूने जाऊ... असं तुम्हाला वाटतं. आणि तो टेंपो न थांबता, न विचारता, तुमच्या पुढ्यातून आडवा वळतो आणि निळ्या गेटात शिरतो!

आत्याचा ब्रेक किंचाळला. रियाची सायकल गडग्यालगतच्या जास्वंदीत घुसली. टेंपोतून एक नारळ उडाला, डांबरावर दोनदा आपटला आणि रियाच्या पायाशी येऊन थांबला.

टेंपोतून एक तरुण धावत बाहेर आला. त्याचं नाव कौस्तुभ. उंच, सावळा, केसांत सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, धागे अडकलेले.

"लागला काय गो तुका?" त्याने रियाला विचारलं. आधी तिलाच विचारलं, हे आपण त्याच्या बाजूने लक्षात ठेवू.

"लागला नाय. पण माझी सायकल गेली."

"गेली खंय? ही बघ, बरी आसा."

"तशी नाय. आता आजी ती माळ्यार टाकतली," रिया म्हणाली आणि तिचा ओठ थरथरला.

त्याचं असं होतं. रियाला शाळेला एकटीने सायकलवर जायचं होतं. आजीने, म्हणजे नर्मदाआजीने, एक अट घातली होती. आत्या सोबत जाईल. ओळीने आठ दिवस वाटेत काही विपरीत झालं नाही, तर नवव्या दिवसापासून रिया एकटी. काही झालंच, तर सायकल माळ्यावर, ती थेट पाचवीत गेल्यावर खाली. आणि हा पहिलाच दिवस होता.

अपेक्षाने हेल्मेट काढलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुमका सरळ येणारी माणसा दिसत नाय काय?"

"दिसली तर! पण माझा घर इला ना."

"मगे?"

"मगे काय? घर इला की वळूचा लागता."

"घर तुमचा, गेट तुमचा. रस्तो तुमचो नाय! वळणाऱ्यान थांबूचा. सरळ जाणाऱ्यांका जावक देवचा. आणि मगे वळूचा."

"कोणी सांगल्यान?"

"मी सांगतंय. रोज बारा जणांका सांगतंय. मालवणात गाडी शिकवतंय मी."

"तरीच..." कौस्तुभ म्हणाला. "माका वाटला, पोलीस इलो."

रिया फिस्सकन हसली. आत्याने तिच्याकडे असं पाहिलं की ते हसू परत आत गेलं.

"बघा," कौस्तुभ समजुतीच्या सुरात म्हणाला, "शेताच्या मेरेर दोन माणसा समोरासमोर इली, तर कोण खाली उतरता? रिकाम्या हाताचो. भारो घेवन येणारो सरळ घराकडे जाता. आज्यापासून असाच आसा. माझ्या टेंपोत चारशे नारळ. तुमी रिकामी."

अपेक्षाने कपाळावर हात मारला. मेरेवरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, रिवाज तिलाही ठाऊक होता. लहानपणी गवताचा भारा घेतलेल्या शेजारच्या हौसाबाईला वाट देताना ती स्वतः कितीदा चिखलात उतरली होती. पण मेरेवर माणसं पायी चालतात. दोन पावलं आधी थांबता येतं. धावत्या स्कूटरला ते कसं जमायचं?

"रस्तो म्हणजे मेर नाय, ओ!" ती म्हणाली. तिने स्कूटर सुरू केली आणि रियाला पुढे घातलं. नारळ मात्र परत द्यायचा राहिला.

संध्याकाळी आजीने सगळं ऐकलं. नारळ हलवून पाहिला, पाणी भरपूर होतं. बहुधा त्यामुळेच ती थोडी विरघळली. "पयलो दिवस धरूचो नाय," ती म्हणाली. "उद्यापासून परत एक."

दुसऱ्या दिवशी कौस्तुभने इंडिकेटर दिला. दिला, आणि त्याच क्षणी वळला.

"इंडिकेटर दिल्लंय ना!" तो खिडकीतून ओरडला.

"इंडिकेटर म्हणजे तुमची इच्छा!" अपेक्षा त्याहून मोठ्याने ओरडली. "परवानगी नाय!"

"परत एक," रिया पुटपुटली.

तिसऱ्या दिवशी तो वळला तेव्हा समोर कोणी नव्हतं. सगळं शहाण्यासारखं केलं. फक्त गेट बंद होतं. टेंपोचं तोंड गेटाला, शेपूट रस्त्यावर, आणि कौस्तुभ खाली उतरून गंजलेल्या कडीशी झटापट करतोय. एका बाजूला दुधाची गाडी आणि एक रिक्षा अडकलेल्या, दुसऱ्या बाजूला अपेक्षा आणि रिया.

"गेट आदी उघडून ठेवचा असता..." अपेक्षा दातांवर दात ठेवून म्हणाली.

"ह्या तुमी काल सांगूक व्हया होता."

"मी काय तुमची शिकवणी घेवक इलंय?"

"घेशात तर मी रोज येयन," तो म्हणाला, आणि आपण हे काय बोललो ते कळून कडी सोडून टेंपोकडेच बघत राहिला.

अपेक्षाला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. पण नेमका तेव्हाच रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, आणि झणझणीत ते राहून गेलं. दिवसभर गाडी शिकवताना मात्र तिला ते वाक्य आठवत राहिलं, आणि त्याचा तिला फार राग आला.

आता चौथ्या दिवशी काय झालं ते नीट ऐका.

कौस्तुभने गेट आधीच उघडून ठेवलं होतं. इंडिकेटर दिला. थांबला. अपेक्षाला हाताने 'जा' म्हणून खूण केली, हसलासुद्धा. अपेक्षा पुढे गेली. ती गेली, म्हणजे रस्ता मोकळा झाला, असं समजून तो वळला.

मागून रिया येत होती.

या वेळी तो जागच्या जागी थांबला. टेंपो आणि सायकल यांच्यात हातभर अंतर राहिलं. कोणाला काही झालं नाही. नारळही पडला नाही. कौस्तुभ खाली उतरून ओरडा ऐकायला उभा राहिला... पण ओरडा आला नाही. अपेक्षाने फक्त रियाच्या डोक्यावर हात ठेवला. मग दोघी काही न बोलता निघून गेल्या.

ते न बोलणं कौस्तुभला चारशे नारळांहून जड वाटलं.

त्या दिवशी दुपारी अवेळी पाऊस आला. कौस्तुभ पडवीत बसून नारळ सोलत होता, पण हात चालत नव्हते. रस्त्यावर त्याला अपेक्षाची स्कूटर दिसली. ती मालवणहून परतत होती, त्यामुळे निळं गेट आता तिच्या उजव्या हाताला होतं. तिने उजवा इंडिकेटर दिला आणि रस्त्याच्या मध्याजवळ थांबली.

समोरून एक मोटार आली, गेली. एक दुचाकी गेली. मग लांबून एक म्हातारा मासेवाला सायकल ढकलत अगदी सावकाश येत होता. त्याच्या आधी ती सहज वळू शकली असती. पाऊस तर अंगावर कोसळत होता... पण ती थांबली. म्हातारा गेटपुढून गेला, तिला बघून बोळक्या तोंडाने हसला, आणि मग ती वळून आत आली.

कौस्तुभने हातातला कोयता खाली ठेवला. कोणी कोणासाठी इतकं भिजत थांबतं, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"पंचो देऊ?" त्याने विचारलं.

"नको. नारळ दी. दोन." ती म्हणाली. चिडलेलीच होती, पण 'तुमी' कुठेतरी पावसात वाहून गेलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

तिने जमिनीवर सोडणाच्या दोन रेघा मांडल्या. "हो रस्तो. हो मोठो नारळ तू. हो माझो. मी सरळ जातंय. तू मध्यार थांबलंस. बरोबर. मी गेलंय. आता वळ."

त्याने नारळ वळवला.

"थांब." तिने कोपऱ्यातल्या टोपलीतून एक सुपारी उचलली आणि आपल्या नारळाच्या मागे ठेवली. "ही रिया."

कौस्तुभ सुपारीकडे पाहत राहिला. "इतकी बारीक?"

"टेंपोतसून इतकीच दिसता. म्हणान पयल्या गाडीक जावक दिला म्हणजे झाला नाय. तिच्या मागे कोण आसा, कडेन चलत कोण येता, ता बघूचा. मगे वळूचा." ती थांबली. "तू बरो माणूस आसस. तरी पण आज..."

तिने सुपारी बोटाने मोठ्या नारळाजवळ सरकवली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मेरेर भारेवाल्याक कित्याक वाट देतत, माका आज कळला," कौस्तुभ हळूच म्हणाला. "भारेवालो मोठो म्हणान नाय. पडलो तर त्याकाच लागता म्हणान. रस्त्यार मी मोठो. पडात ती रिया."

अपेक्षाने मान वर केली. चार दिवसांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे न चिडता पाहिलं. त्याच्या पापणीवरही सोडणाचा एक धागा होता. तो काढावा असं तिच्या मनात आलं... आणि ती पटकन उठली.

"पाऊस कमी झालो. जातंय."

"अजून पडता आसा."

"कमी झालो म्हटलंय ना!"

ती गेली. कौस्तुभने ती सुपारी उचलली आणि टेंपोत, स्टिअरिंगच्या पुढे, काचेपाशी ठेवली.

आजीने मोजणी परत एकपासून धरली. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. रोज सकाळी निळं गेट सताड उघडं. रोज टेंपो मध्यावर थांबलेला. स्कूटर जायची, सायकल जायची, कडेने चालणाऱ्या बायका जायच्या, त्यांच्यामागची कोंबडी जायची, आणि मग टेंपो वळायचा. अपेक्षाला आता चिडायला काही कारण उरलं नव्हतं, आणि त्यामुळे ती आणखीच चिडचिडी झाली होती. "उद्या त्याचो टेंपो येवचो नाय कदाचित," ती उगाच म्हणायची. "कित्याक येवचो नाय?" रिया विचारायची. "माका काय ठावक!" आत्या खेकसायची.

आठवा दिवस उजाडला.

टेंपो होता. मध्यावर, इंडिकेटर लुकलुकत होता. अपेक्षा गेटपाशी आली आणि... थांबली. काठोकाठ भरलेला टेंपो पाहून तिने हाताने खूण केली. "तू जा! भारो आसा तुझो!"

"नाय, नाय. सरळ जाणारो पयलो. तू जा!"

"मी देतंय ना वाट! जा!"

"तूच शिकवलंस, आणि तूच मोडतंस?"

"अरे, काय माणूस आसस तू! वळ म्हणतंय तर वळणा नाय!"

टेंपोमागे एसटी येऊन उभी राहिली. रिया घड्याळाकडे बघत होती. प्रार्थनेला दहा मिनिटं राहिली होती, आणि तिचा आठवा दिवस गेटपाशी अडकून पडला होता.

कौस्तुभने काचेपाशी ठेवलेली सुपारी उचलून दाखवली. "ही रोज बघतंय. मगेच वळतंय." मग तो घसा खाकरून म्हणाला, "अपेक्षा... ह्या गेटातसून तू आत येशीत? पावसापुरती नाय. कायमची..."

अपेक्षाच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या, पण रागाच्या लालीहून ही लाली वेगळी होती.

"ह्या विचारूची ही जागा?" ती म्हणाली. "मागे एसटी आसा!"

"म्हणजे... नाय?"

"नाय कोण म्हणता! इंडिकेटर दिलंस, आता थांबूक शीक. संध्याकाळी येतंय. आयेक सांगान."

एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ, लगीन ठरवतास तर बाजूक घेवन ठरवा!"

सगळी बस हसली. अपेक्षा हसली, कौस्तुभ हसला, आणि तरीही दोघांपैकी कोणी हललं नाही.

रिया मात्र हसली नाही. तिने एक मोठा सुस्कारा सोडला. सायकल स्कूटरच्या बाजूला आणली, कौस्तुभच्या डोळ्यांत पाहिलं, त्याने मान हलवल्याची खात्री केली. "तुमी बोलत रवा," ती म्हणाली. "मी सरळ जातंय." आणि ती निळ्या गेटपुढून पार झाली.

"आठ झाले!" तिचा आवाज वळणापलीकडून आला. "आजीक सांग गो आत्ये!"

पुढचा रस्ता ती एकटीने गेली. शाळेचं गेट डाव्या हाताला आलं तेव्हा घंटा वाजत होती. तिने डावा हात बाहेर काढला आणि वळणार, तेवढ्यात तिला दिसलं, कडेने समोरून हौसाबाई येत होती. डोक्यावर पेंढ्याचा भारा, पाऊल सावकाश.

घंटा थांबली. प्रार्थना सुरू झाली.

रियाने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीवर टेकला आणि हौसाबाई गेटपुढून पूर्ण पार होईपर्यंत थांबून राहिली. मग मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि वळली.