चव्वेचाळिसावं पान

"डिंकाचा वास येतोय. तुम्ही पुस्तकं चिकटवता, की खाता?"

ग्रंथालयाच्या बाईंडरने मान वर केली. दारात पांढरी काठी टेकून एक मुलगी उभी होती. तत्त्वज्ञानाची संशोधक. हातात जुनं पुस्तक; छपाई इतकी पुसट, की वाचून दाखवणारं यंत्रही अडखळायचं.

"महिनाअखेरीस चर्चासत्रात या लेखकाला उत्तर द्यायचंय मला. वाचाल?"

"मला त्यातलं ओ की ठो कळणार नाही."

"उत्तम! कळणारे मध्येच शहाणपणा करतात."

रोज दुपारी तो वाचू लागला. त्याच्या उच्चारांना ती खळखळून हसे, म्हणून तो मुद्दाम चुके... पंधरा दिवसांत 'अहो'चं 'अरे' झालं. ऐकता ऐकता ती जाड कागदावर ब्रेलचे ठिपके टोचत राही, आणि तो तिची बोटं बघत राही.

चव्वेचाळिसाव्या पानावर मात्र त्याचा आवाज अडला. लिहिलं होतं – आंधळ्याचं आयुष्य मुळातच उणं. तो 'मी सुखी आहे' म्हणाला, तरी ते खरं धरू नये. त्याने तिच्याकडे पाहिलं. मघाचं हसू अजून ओठांवर होतं.

त्याने हळूच पान उलटलं.

चर्चासत्र घेणाऱ्या सरांनी नेमका तोच उतारा काढला. तिला तो ठाऊकच नव्हता.

"असू दे," सर मायेने म्हणाले, "तुम्हाला जड जाणारच."

मागून कुणीतरी चुकचुकलं.

ती तडक बाईंडरच्या खोलीत आली. "चव्वेचाळीस वाच."

त्याने वाचलं. पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "तुला लागेल म्हणून..."

"लागलंच असतं रे! मग मी उत्तर दिलं असतं. तो लेखक म्हणतो, आमचं ऐकू नका. तू तर मलाच ऐकू दिलं नाहीस."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर..."

"ठाऊक आहे. माझंही आहे." तिने चाचपडत पुस्तक उचललं. "म्हणूनच... यापुढे तू वाचलंस, की मी गाळलेलंच शोधत बसेन."

काठीची टकटक जिन्यावरून उतरत गेली.

दोन वर्षांनी तिचा प्रबंध बांधणीला आला. आभारांत त्याने स्वतःला शोधलं. नव्हता. पहिल्याच पानावर ती ओळ होती – अन् खाली तिचं उत्तर.

रिकाम्या खोलीत तो मोठ्याने वाचत बसला, एकही शब्द न गाळता. वाटीतला डिंक वाळून गेला.