नेहमीची हेमलता

रक्तसंक्रमण प्रयोगशाळेत तंत्रज्ञांची पदं पाच होती आणि माणसं दोन: हेमलता सोनवलकर आणि निजाम पटवेकर. रुग्णालयातल्या प्रत्येक रक्तपिशवीची रुग्णाच्या रक्ताशी जुळणी या दोघांच्याच हातून व्हायची. म्हणून अभियंता बेंद्रे थकवामापक घेऊन आला, तेव्हा हेमलताला हायसंच वाटलं.

"हा पट्टा मनगटावर राहील," तो म्हणाला. "हाताचा कंप, नाडी, बटण दाबायला लागणारा वेळ, सगळं मोजेल. दिवा लाल झाला की जुळणीयंत्र त्या माणसाच्या हातून पिशवी सोडणार नाही."

"आणि लाल कधी होणार?" विभागप्रमुख डॉ. फरीदा इनामदारांनी विचारलं.

"ते प्रत्येकाचं वेगळं. कुणाचा हात मुळातच कापतो, कुणी मुळातच सावकाश असतं. म्हणून पहिला महिना मापक नुसता शिकेल. या माणसाचं नेहमीचं काय, हे एकदा ठरलं की त्यापासून तो फार ढळला तर लाल."

डॉक्टरांना पटलं. लाल दिव्यांची माहिती थेट संचालनालयात जाणार होती. आता तरी माणसं देतील, असं त्या म्हणाल्या.

वर्ष गेलं. दिवे हिरवेच राहिले. हेमलता पाळीला पाळी जोडत होती. एकदा तर ओ गटाच्या रुग्णासाठी तिने बी गटाची पिशवी उचलली. लेबल पुन्हा वाचलं म्हणून निभावलं. तेव्हाही दिवा हिरवा होता. संचालनालयाने कळवलं, कर्मचारी पुरेसे आहेत.

मग ती तापाने आडवी झाली. ताप उतरल्यावरही डॉ. इनामदारांनी तिला सक्तीने घरी ठेवलं. ती नुसती झोपली. कामावर परतली तेव्हा नळीवरची बारीक अक्षरंसुद्धा लख्ख दिसत होती.

त्याच सकाळी बाळंतपणात रक्तस्राव थांबत नसलेल्या एका बाईचा नमुना आला. हेमलताने झरझर जुळणी केली, बटण दाबलं. यंत्र ढिम्म. मनगटावर लाल दिवा.

"निजामभाई, जरा इकडे या."

इतके दिवस एकट्याने काम ओढलेला निजाम भिंतीचा आधार घेत आला. त्याचा दिवा हिरवा होता. हेमलताने गट आणि क्रमांक मोठ्याने वाचले, त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं. पिशवी सुटली. बाई वाचली.

दुपारी बेंद्रेने पट्टा तपासला.

"बिघाड काही नाही, मॅडम. पहिल्या महिन्यात तुम्ही जशा दमलेल्या होतात, तेच त्याच्या लेखी तुमचं नेहमीचं. आज तुमचा हात फार स्थिर आहे."

"मग आताची मी नोंदवा."

"नोंदवतो. पण अशाच पाळ्या केल्यात तर थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लाल होईल, आणि तो खरा असेल. निजामभाईंना झोपवून नोंदवलं तर त्यांचाही. मग पिशव्या कोण सोडणार?"

"ते लाल दिसले की माणसं मिळतील," हेमलता म्हणाली.

"भरतीला वर्ष लागतं," डॉ. इनामदार म्हणाल्या. जुळणीयंत्राला पट्ट्याने घातलेलं कुलूप काढायचा अधिकार त्यांनाही नव्हता. त्यांनी वॉर्डाकडे पाहिलं. मग हेमलताकडे न बघताच म्हणाल्या, "नोंद जुनीच राहू दे. आज रात्री झोपू नका. उद्याही नको."

हेमलताने निजामला खुर्चीत बसवलं आणि पुढचा नमुना उचलला.