आवाज न काढता

अगं पोरींनो, हसू नका, नीट ऐका! तो भेटला ना, तो सुरतेला, उधन्याच्या बसथांब्यावर. एकाहत्तर साल. मी बहिऱ्या मुलांच्या शाळेतून सुटलेली. दिवसभर एकेका पोराचा हात माझ्या गळ्यावर धरून 'प' म्हण, 'आ' म्हण... गळ्याची थरथर कळली तरच ती शिकणार ना! संध्याकाळी माझा आवाजच संपायचा. त्या दिवशी मी नुसते ओठ हलवले — मला नाही जमत आता.

रस्त्यापलीकडून एक जण सरळ चालत आला. केसांत सुताची पिंज. "काय जमत नाही?"

मी चाटच पडले! "तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"ऐकू कुठं? गिरणीत मागांच्या खडखडाटात आम्ही ओठच वाचतो. मी सुकलाल. तुम्ही शाळेतल्या बेन ना?"

"हं. बेन. सगळ्यांची बहीण."

"छे! अख्खी सुरत म्हणू दे. मी नाही म्हणणार."

मग काय... रोजच! तो पलीकडे, मी अलीकडे, मधून ट्रक, आणि आमच्या बिनआवाजी गप्पा. मी शेंगा खात बोलले की तो ओठांनीच ओरडायचा, "मास्तरीणबाई, अक्षर लागत नाही!"

आणि मग तो दिवस. अकरा महिने घोटल्यावर माझ्या वर्गातला सात वर्षांचा हिलाल 'आई' म्हणाला. केशरबाई, त्याची आई, रडत माझ्या पायाशी बसली. आणि मला... काहीच नाही वाटलं गं. एवढंच आलं मनात — अजून चौदा पोरं राहिली.

सुकलालला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "मी आज लग्नाचं विचारणार होतो..."

"नका विचारू. तुम्ही विचाराल, आणि तेव्हाही मला काहीच वाटलं नाही तर?"

राजीनामा दिला. घरी जायला धुळ्याच्या गाडीत बसले. खिडकीची काच उघडेना. खाली तो. त्याचे ओठ हलले — पोटभर झोपा. शाळेत परत जा, नाहीतर नका जाऊ... मी थांब्यावर आहे.

गाडी निघाली. मी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, पोरं ठेवतात तस्सा, आणि त्याचं नाव घेतलं.

गळा थरथरला गं! बोटांना कळलं...

पण गाडी वळली होती. माझे ओठ त्याला दिसलेच नाहीत.