पात्रासची दिमित्रा

हेरगिरी करायला निघालेल्या माणसानं निदान दारातली कुंडी तरी पाडू नये!

पण असिमीनानं पाडली. नव्या दुकानाच्या उंबऱ्याशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भेट दिलेल्या, लाल फिती बांधलेल्या दहा-बारा कुंड्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. आत कोण कोण बसलंय ते बघत ती तिरकी तिरकी शिरायला गेली, पिशवीचा धक्का लागला, आणि एक कुंडी आडवी झाली. सगळी माती एका माणसाच्या बुटांवर.

"अगं बाई... माफ करा हं!"

"असू दे, असू दे," बुटांचा मालक म्हणाला. कमरेला एप्रन, मनगटापर्यंत ओले हात, आणि डोळ्यांत उघड उघड हसू. "दारात कुंडी पडली की धंदा जोरात चालतो म्हणतात."

"असं कोण म्हणतं?"

"मी. आत्ताच." त्यानं कुंडी उभी केली. "मी आनेस्तिस. आणि आईला सांगायला लागेल, म्हणून विचारतो... कुंडी पाडणारीचं नाव काय?"

खरं नाव ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि तोंडाला पहिलं आलं ते सांगून टाकलं.

"दिमित्रा."

"इथल्याच का?"

"छे! पात्रासची."

झालं. दोन शब्द, दोन्ही खोटे. आणि समोरचा माणूस असा भाबडा की त्यानं दोन्ही खरे मानले.

ती होती इथलीच, अस्सल वोलोस गावची. बंदरावर तीस वर्षं त्सिपुरोचं, म्हणजे द्राक्षांच्या कडक दारूचं, दुकान चालवणाऱ्या स्तेर्गिओसची एकुलती एक मुलगी. सहा वर्षं अथेन्सला नोकरी करून जूनमध्ये परतलेली, त्यामुळे नदीपलीकडच्या या निआ योनिआ वस्तीत तिला कुणी ओळखत नव्हतं. बापाला नेमकं तेच हवं होतं. महिन्याभरापूर्वी हे नवं दुकान उघडलं आणि स्तेर्गिओसची हक्काची गिऱ्हाइकं एकेक करून पूल ओलांडायला लागली. बोटीवरून निवृत्त झालेला म्हातारा कप्तानसुद्धा! पण बापानं मुलीला दुकानात कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यापैकीही कुणी तिला ओळखत नव्हतं.

"असं काय खायला घालतो तो कार्टा?" स्तेर्गिओस तणतणला होता. "मी गेलो तर लगेच ओळखेल. तू जा. चौथ्या बाटलीबरोबर काय येतं तेवढं बघून ये."

चौथीच का, तर आमच्याकडे त्सिपुरोच्या दुकानात जेवण मागवायचं नसतं. आपण फक्त इवलीशी बाटली मागायची, तिच्याबरोबर काय द्यायचं ते आतला माणूस ठरवतो. पहिलीबरोबर ऑलिव्ह नि खारवलेला मासा, दुसरीबरोबर त्याहून बरं काही, तिसरीबरोबर आणखी बरं. चौथीपर्यंत टिकलात, तर तो हातचं राखून ठेवलेलं बाहेर काढतो. दुकानाची खरी लायकी चौथ्या ताटलीत कळते.

असिमीनाला मात्र दोन बाटल्यांतच कान गरम व्हायला लागले. तिसरी तिनं इकडेतिकडे बघून हळूच शेजारच्या कुंडीत ओतली. मान वर केली तर आनेस्तिस समोर उभा.

"आमच्या कुंड्यांवर तुमचा एवढा काय राग आहे हो?"

ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. तो हसत आत गेला आणि तिनं न मागताच चौथी ताटली घेऊन आला. भरलेले शिंपले! काळ्याभोर शिंपल्यांत भात, मनुका, पाइनच्या बिया, आणि दालचिनीचा असा वास की असिमीनानं डोळेच मिटले.

"कसे आहेत?"

"वाईट," ती म्हणाली. "आता दुसरं काही गोड लागायचं नाही."

ते मात्र खरं बोलली बिचारी.

"भातात नक्की काय घालतात ते विचारून ये," घरी गेल्यावर बाप म्हणाला, आणि पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं. आनेस्तिसनं तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. त्याची आई, तासूलाकाकू, टोपलीभर शिंपले घासत होत्या.

"ये गं पोरी. तूच ना ती कुंडीवाली?" काकूंनी तिच्या हातात चाकू दिला. "बघून शीक. शिंपल्यांना सुटलेलं पाणी फडक्यातून गाळायचं, टाकायचं नाही. भात त्याच पाण्यात. दालचिनी उकळी यायच्या आत काढून घ्यायची, नाहीतर कडवट होतं. माझी आजी समुद्रापलीकडच्या स्मिर्नाहून जीव वाचवून नेसत्या कपड्यानिशी आली, बरोबर एवढंच घेऊन आली. मी हे माझ्या सुनेला सांगणार होते, पण ती येण्याचं नाव घेईना!"

"आई!" आनेस्तिस ओरडला.

असिमीना हसली. आणि घरी जाऊन तिनं बापाला सगळं, अगदी फडक्यासकट, सांगून टाकलं.

दोनच दिवसांत बंदरावर पाटी लागली: 'स्मिर्नाचे भरलेले शिंपले'. स्तेर्गिओस खूश. "बास. आता तिकडे जायचं काम नाही," तो म्हणाला.

काम नव्हतंच. तरी तिसऱ्या गुरुवारी ती गेली. बापाला म्हणाली, मैत्रिणीकडे चाललेय. तिथे एक नाव खोटं, इथे एक मैत्रीण खोटी... एकदा तोंड उघडलं की काय काय बाहेर पडतं!

त्या दिवशी आनेस्तिसचा चेहरा उतरला होता.

"खाली बंदरावर कुणीतरी आमचे शिंपले करायला लागलंय," तो म्हणाला. "अगदी तसेच. आईनं मावशीशी बोलणं टाकलंय."

"मावशीशी? का?"

"ही कृती त्या दोघी बहिणींनाच माहीत. आणि आता तुला, पण तू पात्रासची, इथे कुणाला सांगणार? आईची खात्रीच आहे, देस्पिनामावशीनंच सांगितली असणार. मावशी दारात येऊन रडून गेली. आईनं दार उघडलं नाही."

असिमीनानं हातातला घास परत ताटलीत ठेवला. आत्ता बोलावं, आत्ताच... पण त्यानं तिच्या पेल्यात पाणी ओतलं आणि म्हणाला, "जाऊ दे. तू आलीस ना, बरं वाटलं." अहो-जाहोचं 'तू' कधी झालं होतं कोण जाणे. पुढच्या गुरुवारी सांगीन, ती मनाशी म्हणाली.

पुढचा गुरुवार आला नि गेला. त्याच्या पुढचाही. ती येऊन बसायची, तो येता-जाता टेबलापाशी रेंगाळायचा. ताटली ठेवताना त्याचा हात उगाचच क्षणभर जास्त थांबायचा. कधी अंजीर सोलून समोर ठेवायचा आणि म्हणायचा, "हे कुठल्याच बाटलीबरोबर येत नाही हं."

"मग कुणासाठी असतं?"

"कुंड्या पाडणाऱ्यांसाठी."

ती हसायची, आणि हसता हसताच तिला भिंतीजवळची रिकामी खुर्ची दिसायची, जिथे पूर्वी देस्पिनामावशी भाजी निवडत बसायची म्हणे. मग अंजीर तसंच ताटलीत राहायचं. रस्त्यात कुणी कुणाला दिमित्रा म्हणून हाक मारली तरी ती पटकन गल्लीत वळायची. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज याची वाटत होती की इतकी लाज वाटूनही गुरुवारी सकाळी ती आरशासमोर अर्धा तास उभी असायची.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी त्यानं टेबल पुसता पुसता खाली बघत म्हटलं, "मला तुला एक विचारायचंय."

"विचार ना."

"आज नाही. पुढच्या गुरुवारी. मोठा दिवस आहे ना..."

"कसला मोठा दिवस?"

तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, ती थट्टा करतेय. अहो, आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! वाढदिवस विसरेल माणूस, पण आपल्या नावाच्या संताचा दिवस? तो कुणी विसरतं का? पण दिमित्रा हे नाव तिचं असतं तर तिच्या लक्षात राहणार ना! ती वेडी आठवडाभर, तो काय विचारणार याचाच विचार करत राहिली.

सव्वीस तारखेला दुपारी ती दारातून आत आली मात्र...

"दिमित्रा! उदंड आयुष्य! शंभर वर्षं जग!"

सगळं दुकान उभं राहिलं होतं. म्हातारा कप्तान पेला उंचावून, कोपऱ्यातले चार गवंडी टाळ्या वाजवत, आणि मधे आनेस्तिस, आज एप्रन नाही, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मधात घोळलेल्या, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचं मोठं ताट.

"सणाच्या माणसानंच सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं," तो तिच्या कानाशी म्हणाला. "पात्रासहून आलीस, इथे तुझं घर नाही. म्हणून तुझ्या नावानं मी केलं. घे, तूच वाट."

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. दिमित्रिओस संत... सव्वीस ऑक्टोबर... अरे देवा! तिनं ताट हातात घेतलं.

तेवढ्यात तासूलाकाकू पुढे आल्या, अंगावर देवळात जायचा काळा झगा. त्यांनी कागदी रुमालातला पावाचा तुकडा तिच्या हातातल्या ताटात ठेवला.

"पाद्रीबाबांचा आशीर्वाद आहे यावर. पोरी, सकाळी प्रार्थनेच्या चिठ्ठीवर तुझं नाव लिहून दिलं होतं मी. आनेस्तिस आणि दिमित्रा, असं जोडीनं. बाबांनी सगळ्या देवळासमोर वाचलं." काकूंचे डोळे भरले. "रागावू नकोस हं. म्हातारीनं जरा घाई केली."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं असिमीनाला वाटलं. माणसांशी खोटं बोलले ते बोलले, आता ते थेट देवापर्यंत पोचलं, आणि तेही या बाईच्या हातून! तिनं ताट टेबलावर ठेवलं.

"काकू, देवळात वाचलं ते नाव माझं नाही."

"म्हणजे?"

"मी दिमित्रा नाही. पात्रासची नाही. मी असिमीना. बंदरावरच्या स्तेर्गिओसची मुलगी." आवाज फुटत होता तरी ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलू शकली नसती. "बाबांनी तुमच्याकडे काय मिळतं ते बघायला पाठवलं होतं. शिंपल्यांची कृती मी सांगितली. तुमच्या बहिणीनं नाही... मी. तुम्ही मला लेकीसारखं शिकवलंत, आणि मी ती चोरून नेली."

कप्तानानं पेला हळूच खाली ठेवला. काकूंनी तोंडावर हात धरला, मग झग्यासकट रस्त्यावर धावत सुटल्या, बहिणीच्या घराकडे.

आनेस्तिस तिच्याकडे बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नावसुद्धा?" एवढंच तो म्हणाला. आणि आत निघून गेला.

घरी येऊन तिनं बापासमोर सगळं ओतलं. आधी तो फुरफुरला, "धंद्यात असं चालतंच!" पण चिठ्ठीचं ऐकल्यावर मटकन खाली बसला. देस्पिनामावशीचं ऐकल्यावर त्यानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः शिडी लावून पाटी उतरवली. आणि रविवारी दुपारी कोट चढवून म्हणाला, "चल."

"मी नाही येणार. मला तोंड दाखवायला जागा नाही तिथे."

"मला तरी कुठे आहे? चल!"

नदीपलीकडे दुकान भरलेलं होतं. भिंतीजवळच्या खुर्चीत देस्पिनामावशी भाजी निवडत होती, शेजारी काकू. दोघींनी मान वर केली, हसल्या मात्र नाहीत. असिमीना बापाच्या पाठीमागे उभी राहिली, नजर फरशीवर.

स्तेर्गिओसनं टोपी काढली.

"आनेस्तिस, तीस वर्षांत मी कुणाच्या दुकानात असा उभा राहिलो नाही. चोरी माझी आहे, पोरीची नाही. पाटी उतरवली. आणि खरं सांगू? तुझ्यासारखा भात माझ्याच्यानं झालाच नाही!"

"काका, पाटीचं काय एवढं!" आनेस्तिसचा आवाज कोरडा होता. "नऊ गुरुवार ही माझ्यासमोर बसून हसत होती. नऊ! मी एकेक दिवस मोजायचो, आणि ती तुमचं काम करत होती."

"नऊ?" स्तेर्गिओस गोंधळला. "कसले नऊ? मी हिला दोनदाच पाठवली होती."

"दोनदा?"

"दोनदा! दुसऱ्या खेपेला कृती मिळाली, तेव्हाच म्हटलं, बास, आता जाऊ नकोस. मग ही दर गुरुवारी मैत्रिणीकडे..." आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो गर्रकन वळला. "असिमीना! कुठली गं ती मैत्रीण?"

गवंड्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशीनं काकूंना कोपरानं ढोसलं. असिमीनाला पळावंसं वाटलं, पण दारात कप्तान आडवा बसलेला.

"बोल ना," आनेस्तिस हळू म्हणाला. "बाकीचे सात गुरुवार कशाला येत होतीस?"

"तुला माहितीये."

"मला काहीच माहीत नाही. मला तर तुझं नावही माहीत नव्हतं."

तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी, गाल पेटलेले, आणि अख्खं दुकान कान टवकारून बसलेलं.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "दर वेळी खरं सांगायला यायचे, आणि तू समोर आलास की वाटायचं, आजचा एक दिवस... सांगितलं तर परत येता येणार नाही. आवडतोस तू मला. लाज वाटते, पण आवडतोस. आता हाकल हवं तर."

आनेस्तिसनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात, त्याच्या मनाविरुद्धच बहुधा, हसू फुटलं.

"मी अजून रागावलेलो आहे," तो म्हणाला.

"हो."

"चांगला आठवडाभर रागावणार आहे."

"हो..."

"तर उद्या ये."

"उद्या?" ती गडबडली. "पण उद्या सोमवार. उद्या तर दुकान बंद असतं."

"म्हणूनच."