देवसरच्या डोहातली रणमकर

वैशाखातली पहाट देवसरगडावर उजाडली तेव्हा पाच कोस घेराचा देवसर तलाव निपचित पडला होता, पैलतीरी गड वेढून बसलेल्या गनीम खानाच्या राहुट्यांतून धूर निघत होता, आणि गडाखालच्या घाटावर मखमली मांडवात किल्लेदार हैबतरावांची युद्धनौका ‘रणमकर’ नव्या नवरीसारखी नटून बसली होती. पुढच्या टोकाला, नाळेवर, सोनेरी मुलाम्याची मगर, मधोमध चाकांवरची पितळी तोफ! दोन वर्षांत तिला पाणी म्हणून लागलं नव्हतं, कारण पाण्यानं मुलामा जातो असं किल्लेदारांचं मत होतं. नौकेविषयी असं मत बाळगणाऱ्याच्या हाती गड असावा, हे गडाचं नशीब.

नावाड्यांचा म्होरक्या मंगरू धिवर हे सगळं बघत आला होता. त्याच्या जातभाईंच्या लहान होड्या, म्हणजे डोंगे, या घटकेलाही घाटाजवळ दगड भरून पाण्याखाली बुडवलेले होते. उन्हाळ्यात असंच करायचं, म्हणजे लाकूड ओलं राहतं आणि सांधे उघडत नाहीत. हीच गोष्ट त्यानं किल्लेदारांना पहिल्याच साली सांगितली होती. “बुडू नये म्हणून बुडवा म्हणतो!” असं म्हणत हैबतराव ती दरबारात दोन वर्षं थट्टेनं सांगत होते, आणि घोट्याइतकं पाणी न पाहिलेले मानकरी पोट धरून हसत होते.

त्या पहाटे मंगरूनं पुन्हा हात जोडले. “सरकार, सांधे फाकले हायेत. मेन भरून रंग लावला, तो मधल्या डोहापर्यंत टिकन. आठ दिस पान्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगते, मंग खुशाल जा.”

“तुझ्या डोंग्याची अक्कल आमच्या नौकेस लावू नकोस,” हैबतराव म्हणाले.

गडाच्या धनीण अंबिकाबाईसाहेब विडा घेऊन घाटावर आल्या. “हैबतराव, आठशे माणसं या तटाआड आहेत. त्यांची अब्रू आपल्या हाती.”

“गनिमाची छावणी तोफेनं उडवून येतो, आईसाहेब. मस्तक गेलं तरी बेहत्तर!”

उथळ पाण्याला खळखळाट फार. नगारा झडला, बारा धिवरांनी वल्ही उचलली आणि किल्लेदारांना व त्यांच्या दोन हुजऱ्यांना घेऊन रणमकर निघाली.

अर्धा तलाव मागे पडताच किल्लेदारांनी शेल्याखालून पांढरं निशाण काढलं, आणि त्यापाठोपाठ चोरदिंडीच्या चाव्यांचा जुडगा. “छावणीकडे घ्या. चाव्या पोचल्या की दुपारी गड खानाचा. आम्हांस जहागीर, तुम्हांस इनाम.”

त्या दिंडीच्या आत मंगरूची बायको होती, लेकी होत्या, सगळा धिवरवाडा होता. सकाळपासून ज्या माणसाची त्याला काळजी वाटत होती, त्याची आता किळस आली. त्यानं मागे वळून एवढंच म्हटलं, “डोहाकडे घ्या रे.”

वल्ही वळली. डोहावर येईतो मेण सुटलं आणि फळ्याफळ्यांतून पाणी पाझरू लागलं. दोन्ही हुजऱ्यांनी तलवारी उपसल्या. “हरामखोरा, किनारा धर!” एक वार मंगरूच्या खांद्यात उतरला. रक्तानं हात निसटत असताना त्यानं तोफेच्या चाकाखालची पाचर लाथेनं उडवली. चाळीस मणांची ती शोभा गडगडत एका बाजूला गेली, वाळल्या फळ्या काडकन फुटल्या आणि रणमकर आडवी झाली. चिलखतं घातलेले हुजरे तळाला गेले. धिवर पोहत दूर झाले.

गड सांभाळणारे हैबतराव मगरीच्या मानेला मिठी मारून लेकरासारखे रडत होते. “मंगरू, जहागीर तुला घे! मला काढ!”

“पयले चाव्या.”

चाव्या मिळाल्यावर तो निघून जाऊ शकला असता. पण त्यानं किल्लेदारांची शेंडी धरली. “तुमाले बुडू देलं, तर उद्या तुमचा पोवाडा गातीन. थो मले आयकाचा नाई.”

तोवर घाटावरून नौका आडवी झालेली पाहून धिवरवाड्यातल्या बायकांनी घाटाजवळचे डोंगे दगड काढून वर आणले आणि डोहाकडे हाकले होते. मासळीच्या अशाच एका डोंग्यात हैबतराव गडावर परतले. मंगरूनं चाव्या बाईसाहेबांच्या पायांशी ठेवल्या आणि झाला प्रकार सांगितला. मानकऱ्यांनी कडेलोटाची शिक्षा सुचवली.

“कड्यालाही काही मान आहे,” बाईसाहेब म्हणाल्या. “ज्यांच्याकडे निघाले होते त्यांच्याकडे जाऊ द्यात. रिकाम्या हातांनी.”

हैबतराव अनवाणी, ओल्या धोतरानिशी वेशीबाहेर गेले. चाव्यांवाचून आलेल्या फितुराचं खानाला काय कौतुक? त्यानं त्यांना घोड्यांच्या लिदीवर नेमलं. पुढे मृगात तळ चिखलात रुतला आणि गनीम वेढा उठवून गेला. मंगरूचा डावा हात पुन्हा खांद्यावर उठला नाही. वल्हं तो उजव्या हातानं मारी.

पुढे एका मोठ्या दुष्काळात डोहाचं पाणी खाली गेलं, तेव्हा मगरीचं नाक वर आलं. मुलामा कधीच गेला होता. म्हाताऱ्या मंगरूनं डोंग्यातून वाकून तिच्या उरल्या फळ्यांवर हात फिरवला. त्यानं सांगितलं होतं तिथंच, पाण्याखाली, ती इतकी वर्षं होती. एकही सांधा फाकला नव्हता.