मुतलाच्या कड्यावर

थंडीतल्या एका शुक्रवारी सकाळी प्रसाद आणि यूनुस आखाती वाळवंटातल्या मुतलाच्या कड्याखाली पोचले. यूनुस मूळचा मुरुडचा. फहाहीलच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तो आणि त्याची बायको हफिजा, दोघंच. उन्हाळ्यात ते प्रसादच्या खालच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा प्रसादची लेक जुईली जाऊन बरेच दिवस झाले होते. तिला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

प्रसाद शुऐबाच्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर. दर हिवाळ्यात तो लेकीला घेऊन या कड्यावर येई. मग गेल्या फेब्रुवारीत, नवव्या वर्षी, तिला ताप आला, साधा म्हणता म्हणता डोक्यात चढला, आणि आठवडाभरात सगळं संपलं. यंदा थंडी पडली तसा प्रसादला कडा पुन्हा दिसू लागला. "एकटा जाऊ नकोस," चारुशीलाने, त्याच्या बायकोने, बजावलं. म्हणून यूनुस सोबत आला.

कडा फार उंच नाही, पण वाट अशी नाहीच. ठिसूळ पिवळा दगड, पायाखालून सटकणारी खडी, मधूनमधून अर्फजची वाळकी झुडपं. थोडं चढलं की महामार्गावरच्या ट्रकचा आवाज झाकण लावल्यासारखा बंद होतो. मागे वळलं तर खाडी, आणि पलीकडे धुरकट उन्हात शहराचे मनोरे.

पुढे चाललेला यूनुस थांबला.

"काही म्हणालात, प्रसादभाई?"

"मी? नाही बुवा."

थोडं वर गेल्यावर तो पुन्हा थांबला. या खेपेला त्याने मान वाकवून कान दिला.

"मुलगी आहे कोणतरी. 'बाबा, स्लो डाउन' म्हणत्ये."

प्रसादही थांबला. याच चढावर जुईली हेच म्हणायची. त्याने श्वास रोखून ऐकलं. वारासुद्धा नव्हता.

"कुठून येतोय आवाज?"

"इथूनच. माझ्या बाजूने."

शेवटचा टप्पा उभा होता. तिथे पोचल्यावर यूनुसचा उजवा हात अंगापासून जरा दूर, खाली झुकलेला राहिला. करंगळी वाकलेली. तो खाली करंगळीकडे बघत होता.

"तिने धरलीये," तो हळूच म्हणाला. "हात गरम आहे. तापलेला आहे, प्रसादभाई."

प्रसाद खडीत गुडघ्यांवर बसला. यूनुसच्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाला, "जुई, बाळा, बाबा इथे आहे. इकडे बघ."

काहीच नाही. ऊन, दगड.

"यूनुस, विचार तिला. माझ्याशी का बोलत नाही?"

यूनुसने विचारलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"सांग ना, काय म्हणते?"

"कसं सांगू?"

"सांग."

"मलाच बाबा म्हणत्ये." तो थांबला. "म्हणत्ये, हू इज दॅट अंकल? व्हाय इज ही क्राइंग?"



मग प्रसाद उठला. गुडघ्यांची माती त्याने झटकली नाही.

"उतारावर घाबरते ती," तो म्हणाला. "सावकाश ने."

यूनुस सावकाश उतरला. एक हात खाली ठेवून, मधेच थांबून, ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलत. प्रसाद बराच मागून आला.

 परतीच्या वाटेत यूनुसने घरी फोन केला नाही.

फहाहीलला इमारतीत दोघं जिना चढले. खालच्या मजल्यावर यूनुसने बेल दाबली. प्रसाद वरच्या पायऱ्यांवर पोचला होता. तिथेच कठडा धरून उभा राहिला.

हफिजाने दार उघडलं. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. तिची नजर त्याच्या कमरेपर्यंत खाली गेली, आणि ती हसली.

"ये गो," ती दारातून बाजूला सरत म्हणाली. "बूट तिथेच काढ."