फोंडाघाटातले नऊ सेकंद

निलेश घाडीगावकरांकडून गुन्हा घडला, तेव्हा त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि दोन्ही डोळे रस्त्यावर होते. गुन्हा मनाने केला होता. स्टिअरिंगवरची अवधानपट्टी तळहाताच्या नाडीवरून आणि घामावरून चालकाचं लक्ष कुठे आहे ते ओळखते. तिच्या मते फोंडाघाट उतरताना घाडीगावकर नऊ सेकंद गाडीत नव्हतेच. पूर्वी पोलिसाला निदान कानाला लावलेला मोबाईल तरी दिसावा लागे. किती साधे दिवस होते ते!

"कुठे होतात तुम्ही?" अ‍ॅडव्होकेट तन्वी केळुसकरांनी विचारलं. मेंदूशास्त्र शिकून वकिलीत आलेल्या या बाई असे खटले जिंकण्यात पटाईत होत्या.

"बायलेकडे," घाडीगावकर लाजले. "घाट लागलो की तिचो फोन येय. आता ती नाय, पण आवाज येता."

"लायसन्स जाईल."

"बत्तीस वर्षां गाडी चालवचा ह्याच काम केलंय. दुसरां काय येता माका?"

"मग कोर्टात दाखवू, की त्या आवाजाने तुमचं लक्ष हलत नाही. नवं घड्याळ पहिल्या रात्री टिकटिक करून झोपू देत नाही. आठवड्याने ती टिकटिक ऐकूही येत नाही. मेंदू तेच ते ऐकणं सोडून देतो. याला आम्ही सरावशमन म्हणतो. त्यांचा आवाज आहे जपलेला?"

"एकच निरोप आसा."

"रोज तीनशे वेळा ऐका."

घाडीगावकरांना वाटलं, फसवायचं आहे ते फक्त यंत्राला.

"घाट सावकाश उतरा हां. जेवूक थांबलंय मी." बायकोचा एवढाच निरोप ऐकून पहिल्या आठवड्यात ते ढसाढसा रडले. दुसऱ्या आठवड्यात त्यांना निरोपामागची कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि जुनं स्वयंपाकघर, तिने वाढून झाकून ठेवलेलं ताट, सगळं डोळ्यांपुढे आलं. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. पाचव्या आठवड्यात निरोप ऐकता ऐकता त्यांची दाढी करून झाली.

कोर्टात घाडीगावकरांचा तळहात तशाच पट्टीवर ठेवून निरोप वाजवला. पट्टीवरची लक्ष दाखवणारी रेघ सरळ राहिली. न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष ठरवलं.

केळुसकरबाई अभिनंदन करायला वळल्या. घाडीगावकरांनी निरोप परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. रेघ हलली नाही.

"बाई," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले, "माका परत गुन्हेगार करूक येयत काय?"

अशा अर्जाची सोय कायद्यात नव्हती, आणि बाईंच्या मेंदूशास्त्रातही नव्हती.